तांबड्या पेशींच्या पटलावरची फ्रेट: दोन प्रथिनं खरंच जवळ आहेत की हिमोग्लोबिन उजेड पितंय?

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी लातूरकडचा, बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. करायलोय, तिसरं वर्ष चालू आहे. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट येईल म्हणून सगळं लिहितो.

तांबड्या पेशीच्या पटलात बँड ३ आणि ग्लायकोफोरिन ए ही दोन प्रथिनं एकमेकांच्या किती जवळ असतात, आणि आनुवंशिक स्फेरोसायटोसिसमध्ये (तांबड्या पेशी गोल होऊन लवकर फुटायचा आजार) ही जवळीक बदलते का, हा माझा विषय. तो मी पुस्तकात बघून घेतलेला नाही. माझ्या बहिणीचं लेकरू आता नऊ वर्षांचं आहे. दोन वर्षांचं असल्यापासून त्याचे डोळे मधूनमधून पिवळे व्हायचे. गावात काविळीची माळ घातली. माळ लांब होत गेली की कावीळ उतरायली असं घरच्यांना वाटायचं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच. पुढं पानथरी हाताला लागायला लागली तेव्हा कुठं नीट तपासण्या झाल्या. त्याच्या रक्ताची स्लाईड मी स्वतः मायक्रोस्कोपखाली धरली होती. निरोगी पेशीचा मधला भाग फिकट दिसतो. त्याच्या कितीतरी पेशींत तो फिकटपणाच नव्हता, नुसते गच्च गोल गोळे. त्या दिवशी विषय ठरला.

आता प्रयोग. ग्लायकोफोरिन ए विरुद्धच्या अँटिबॉडीला फ्लुओरेसीन लावलेलं आहे, तो डोनर. बँड ३ ला इओसिन-५-मॅलेमाईड लावतो, तो अ‍ॅक्सेप्टर. पेशी फोडून, हिमोग्लोबिन धुऊन, उरलेल्या रिकाम्या पटलांवर म्हणजे घोस्टवर मोजमाप करतो. ४८० नॅनोमीटरचा उजेड टाकतो आणि ५१८ च्या आसपास डोनर किती चमकतो ते बघतो. दोन्ही रंग जवळ असतील तर डोनर आपली ऊर्जा अ‍ॅक्सेप्टरला देईल आणि मंद होईल, हे फ्रेटचं साधं तत्त्व.

निकाल असा: नुसता डोनर असताना चमक १०० धरली, तर इओसिन लावलेल्या घोस्टमध्ये ती ६९ आली. ३१ टक्के घट. गाईड म्हणाले आकडा चांगला आहे, लिहायला घे. पण माझं मन मानेना, आणि त्याला कारण आहे. नुसत्या डोनरचे घोस्ट मी सकाळी केले होते, ते सायीसारखे पांढरे होते. इओसिनचे घोस्ट दुपारी केले. एप्रिलातली दुपार, मधेच लाईट गेली, थंड सेंट्रिफ्यूज तासभर बंद. नळ्या बर्फात खोचून ठेवल्या, पण बर्फाचंच पाणी झालं. ते घोस्ट फिकट गुलाबी आले. इओसिनचा स्वतःचा रंगही गुलाबीच, त्यामुळं किती गुलाबी कशाचा ते डोळ्यांना कळत नाही.

आमच्याकडं साधा फ्लुओरीमीटर (चमक मोजायचं यंत्र) आहे, कॉन्फोकल मायक्रोस्कोप नाही. हा ३१ चा आकडा खरा की खोटा हे क्युव्हेटमध्येच (मोजायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) ठरवता येईल का? आणि पुढं फ्रॅप (उजेडानं एक ठिपका जाळून तिथं चमक किती परत येते ते बघणं) करायचं मनात आहे, ते अशा ठिकाणाहून जमवणारं कुणी आहे का?

मास्तर, परभणी

वयाच्या अधिकारानं एकेरी लिहितो, राग मानू नकोस. तू पांढरे आणि गुलाबी हे दोन शब्द लिहिलेस तिथंच तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. ते गाईडनाही जसंच्या तसं सांग.

ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरला सगळ्यात जास्त उजेड शोषतं, आणि पुढं ५४१ व ५७७ ला पुन्हा दोन शिखरं आहेत. तुझ्या फ्लुओरेसीनचा प्रकाश बरोबर त्या उतारावर पडतो. त्यामुळं उरलेलं हिमोग्लोबिन तुला दोन तऱ्हांनी फसवतं. पहिली तऱ्हा सोपी: डोनरमधून निघालेला उजेड क्युव्हेटच्या बाहेर यायच्या आत हिमोग्लोबिन गिळतं. दुसरी अवघड आहे आणि लोक ती विसरतात. पटलाला आतून चिकटलेल्या हिमोग्लोबिनमधला हीम, म्हणजे लोह असलेला रंगीत भाग, स्वतःच अ‍ॅक्सेप्टर होऊ शकतो. म्हणजे ऊर्जा सरकली हे खरं, पण ती इओसिनकडं न जाता हीमकडं गेली. म्हणून कुणी तुला म्हणालं की लाईफटाईम (उजेड घेतल्यावर डोनर किती वेळ चमकतो तो) मोजला की शंका फिटेल, तर पूर्ण फिटणार नाही. पहिल्या तऱ्हेनं लाईफटाईम बदलत नाही, दुसरीनं बदलतो.

हिमोग्लोबिन चिकटतं कुठं, तर बँड ३ च्या आतल्या शेपटाला. म्हणजे नेमकं तुझ्याच प्रथिनाला. पीएच खाली आला की ही पकड घट्ट होते. १९६३ मध्ये डॉज, मिचेल आणि हॅनाहन यांनी घोस्ट करायची जी पद्धत दिली तिच्यात बफरची तीव्रता आणि पीएच यांवर एवढा भर आहे तो याचसाठी. पुढं तिच्यात बदल होऊन रुळलेली कृती अशी: पाच मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ८, सगळं चार अंशांवर. पाच मिलिमोलर बफरात बळ थोडं असतं. गरम झालेली नळी, हवेतला कार्बन डायऑक्साईड, शिळं पाणी, एवढ्यानंही तो घसरतो. वापरायच्या दिवशी सकाळी पीएच बघत जा. फ्लुओरेसीनची स्वतःची चमकही पीएचवर हलते, त्याचा पीके (ज्या पीएचला निम्मे रेणू रूप बदलतात तो) ६.४ च्या आसपास आहे. दोन नमुन्यांचा पीएच वेगळा असेल तर तेवढ्यानंच आकडा बदलेल.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्यात माझं एक वर्ष गेलं. आमच्या प्रयोगशाळेत बोअरचं पाणी यायचं. डिस्टिलेशनच्या काचेच्या भांड्याच्या पोटात दर महिन्याला चुन्यासारखा पांढरा थर बसायचा, तो आम्ही आम्लानं धुवायचो. पाणी दिसायला स्वच्छ, पण घोस्ट काही केल्या पांढरे होईनात. शेवटी एका मित्राकडून दुसऱ्या गावचं पाणी कॅनमध्ये भरून एसटीनं मागवलं आणि पहिल्याच दिवशी घोस्ट पांढरे. आमच्या पाण्याबरोबर कॅल्शियम येत होतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की फुटलेलं पटल लवकर मिटतं आणि हिमोग्लोबिन आत कोंडलं जातं. लातूरला पाण्याची काय परिस्थिती असते ते मी तुला सांगायला नको, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरचं पाणी आलं की डिआयोनायझरचं रेझिन लवकर संपतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. पाण्याची कंडक्टिव्हिटी मोज. बफरात एक मिलिमोलर ईडीटीए घाल, ते कॅल्शियम पकडून ठेवतं. धुताना घोस्टच्या खाली जो कडक, चिकट ठिपका बसतो तो दर वेळी ओढून टाक, त्यात पांढऱ्या पेशी आणि त्यांची प्रथिनं कापणारी एन्झाइम्स असतात.

आता क्युव्हेटमधली परीक्षा. दोन्ही नमुने मोजून झाले की त्याच क्युव्हेटमध्ये एसडीएस (साबणासारखं डिटर्जंट) घाल, अखेरची तीव्रता एक टक्का येईल असं. पटल विरघळेल, अँटिबॉडी सुटेल, प्रथिनं एकमेकांपासून लांब जातील. घट ऊर्जा सरकल्यामुळं असेल तर डोनर परत उजळेल. हिमोग्लोबिननं किंवा इओसिननं नुसता उजेड गिळला असेल तर ती घट तशीच राहील, कारण गिळणारे क्युव्हेटमध्येच आहेत. मुळात अँटिबॉडीच कमी बसली असेल तरी तेही इथं उघडं पडेल. शिवाय प्रत्येक नमुन्याचं ४८० आणि ५१८ चं शोषण मोज. ते ०.०५ च्या खाली ठेवता आलं तर उत्तम. नाही आलं तर दोन्हींची बेरीज करून निम्मी कर, दहाचा तेवढा घात काढ आणि त्यानं चमकेला गुण. ही दुरुस्ती थोड्या शोषणापुरतीच खरी, गुलाबी घोस्टना तिनं वाचवता येणार नाही.

आणि यापुढं दोन्ही बॅच एकाच वेळी, एकाच रक्तातून, शेजारशेजारच्या नळ्यांत कर.

रक्तपेढीतली, छत्रपती संभाजीनगर

सरांनी घोस्टचं सांगितलंच आहे. मी रोज हाताळते त्या बाजूचं सांगते.

दादा, तुम्ही जो इओसिन-५-मॅलेमाईड अ‍ॅक्सेप्टर म्हणून वापरताय, तोच स्फेरोसायटोसिसच्या तपासणीतही वापरतात. २००० सालापासून ही फ्लो सायटोमेट्रीची (एकेक पेशी उजेडातून सोडून चमक मोजायची) पद्धत रुळली. तो बँड ३ च्या बाहेरच्या पहिल्या वळणावरच्या ४३० क्रमांकाच्या लायसिन या अमिनो आम्लाला पक्का चिकटतो. थोडा आरएच प्रथिनांना आणि सीडी४७ या पटलातल्या प्रथिनालाही लागतो. आजारी माणसाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा मंद चमकतात, त्यावरून निदान होतं. आता तुमच्या प्रयोगात याचा अर्थ काय होतो बघा. तुमच्या भाच्याच्या पेशींत अ‍ॅक्सेप्टरच कमी बसणार. मग तिथं डोनरची घट कमी दिसली, तर ‘जवळीक कमी झाली’ असं म्हणता येणार नाही. आधी प्रत्येक नमुन्यात किती इओसिन बसलं ते मोजा, मग तुलना करा. मला हा तुमच्या योजनेतला हिमोग्लोबिनपेक्षाही मोठा खड्डा वाटतो.

दुसरी गोष्ट अँटिबॉडीची. ग्लायकोफोरिन ए ला अँटिबॉडी चिकटली की पटल ताठर होतं, आणि बँड ३ ची हालचालही थांबते. डेव्हिड नोल्स, नरला मोहनदास आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हे फ्लुओरेसन्सनंच दाखवलं. म्हणजे मोजायला म्हणून जे लावतो तेच त्या दोन प्रथिनांचं नातं बदलतं. अँटिबॉडी लावायच्या आधी आणि नंतर पेशी कशा वागतात ते निदान एकदा बघा.

ही दोन प्रथिनं शेजारी असतात यात शंका घेऊ नका, त्याचा पुरावा रक्तगटातच आहे. राइट-बी नावाचा अँटिजेन बँड ३ आणि ग्लायकोफोरिन ए दोन्ही एकत्र असल्याशिवाय तयारच होत नाही. तुमचा प्रश्न ‘आहेत का’ असा न ठेवता ‘किती, आणि आजारात किती’ असा ठेवा.

सरांच्या एसडीएसच्या जोडीला एक उपाय. अखंड पेशींवर बाहेरून ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम घातलं की ग्लायकोफोरिन ए चा बाहेरचा भाग कापला जातो, बँड ३ च्या बाहेरच्या भागाला ट्रिप्सिन काही करत नाही. आम्ही पेशींना एन्झाइम लावून एम आणि एन हे रक्तगटाचे अँटिजेन घालवतो ते यामुळंच. तुमची अँटिबॉडी कापल्या जाणाऱ्या भागावर बसत असेल, तर कापल्यावर डोनर उजळतो का ते बघा. एसडीएससारखं सगळंच मोडत नाही.

लेकराबद्दल: रक्त दिलेलं असेल तर त्यानंतर काही आठवडे ही तपासणी करू नका, दात्याच्या पेशी नीट चमकतात आणि चित्र बिघडतं. नमुना ईडीटीएच्या नळीत, थंड, पण बर्फाला थेट टेकलेला नको, गोठला की संपलं. आई-वडिलांचंही रक्त तपासा, सुमारे तीन-चतुर्थांश घरांत हा आजार आई किंवा वडिलांकडून सरळ खाली येतो. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी आणि फॉलिक अ‍ॅसिडचं डॉक्टरांना विचारून घ्या. आणि संशोधनासाठी त्याचं रक्त घेणार असाल तर घरचं लेकरू असलं तरी एथिक्स कमिटीची परवानगी आणि बहिणीची लेखी संमती आधी. शक्यतो रक्तही तुम्ही स्वतः काढू नका.

नांदेडहून हैदराबाद

भावा, मी मूळचा नांदेडचा, आता हैदराबादला मायक्रोस्कोपवर असतो. एकच हिशेब करून दाखवतो, कारण फ्रेटवाले तो क्वचितच करतात.

तांबड्या पेशीचा पृष्ठभाग साधारण १४० चौरस मायक्रोमीटर. त्यावर बँड ३ चे रेणू दहा लाखांच्या आसपास. म्हणजे एका रेणूच्या वाट्याला १४० चौरस नॅनोमीटर, बारा नॅनोमीटर बाजूचा चौकोन. बँड ३ जोडीनं राहतं, तर जोडीच्या वाट्याला २८०. अशा गर्दीत ग्लायकोफोरिनचा रेणू कुठंही अंदाधुंद टाकला, कशालाही न चिकटता, तरी सगळ्यात जवळची जोडी त्याला सरासरी आठेक नॅनोमीटरवर सापडेल. तुझ्या रंगांच्या जोडीचं फॉर्स्टर अंतर (ज्यावर निम्मी ऊर्जा सरकते ते) साडेपाच नॅनोमीटर धर. ऊर्जा अंतराच्या सहाव्या घातानं घटते. हिशेब कर, दहा टक्क्यांच्या आसपास घट नुसत्या गर्दीनंच येते.

हे तपासायला इओसिन कमी-कमी लावत जायचं. पूर्ण, निम्मं, पाव. गर्दीमुळं होणारी घट त्या प्रमाणात खाली येत जाते, पण चिकटलेल्या जोडीची घटही इओसिन कमी झालं की खाली येते, म्हणून आलेले आकडे गर्दीच्या हिशेबाशी ताडून बघ. आणि पुढच्या वेळी अँटिबॉडी अख्खी वापरू नकोस, फॅब तुकडा (अँटिबॉडीचं नुसतं पकडणारं टोक) वापर. अख्खी अँटिबॉडीच दहा नॅनोमीटरहून लांब, तिच्या कुठल्या टोकाला रंग बसलाय काय माहीत.

कॉन्फोकलवर अ‍ॅक्सेप्टर जाळून डोनर उजळतो का बघू, असं कुणी सुचवेल. इओसिनबरोबर जपून. त्याच्यावर जोरात उजेड टाकला की सिंगलेट ऑक्सिजन (फार क्रियाशील ऑक्सिजन) तयार होतो आणि शेजारची प्रथिनं एकमेकांना सांधली जातात. फ्रॅपमध्येही हाच धोका.

फ्रॅप जरूर कर, पण काय बघायचं ते आधी ठरव. कुसुमी यांच्या गटानं १९९८ मध्ये बँड ३ चे एकेक रेणू हलताना बघितले. सुमारे एक-तृतीयांश जागेवर खिळलेले, अँकिरिन या जोडणाऱ्या प्रथिनानं पटलाखालच्या स्पेक्ट्रिन प्रथिनाच्या जाळ्याला बांधलेले. बाकीचे ११० नॅनोमीटरच्या खणांत फिरतात आणि मधूनच शेजारच्या खणात उडी मारतात. आपल्या शेतातल्या वाफ्यांतलं पाणी बांध फुटला की पलीकडं जातं तसंच, फक्त इथं बांध स्पेक्ट्रिनचा. स्फेरोसायटोसिसमध्ये अँकिरिन किंवा स्पेक्ट्रिन कमी पडतं, म्हणजे खिळेच सैल होतात. मला तुझ्या भाच्याच्या आजाराचा प्रश्न ग्लायकोफोरिनपेक्षा इथं जास्त दिसतो. यंत्रासाठी केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर शोध, तिथं देशभरातली उपकरणं बाहेरच्यांनाही वेळ घेऊन वापरता येतात.

आणि बाहेरचा रंग नको असेल तर स्पेक्ट्रिनमधले ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) स्वतःच चमकतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन केंद्रातल्या आणि कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी मिळून त्यावर २००३ मध्ये काम छापलंय. त्याला तुमचा फ्लुओरीमीटर पुरतो.

मांजराकाठ (लातूर)

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. सगळ्यांचे मनापासून आभार. कोणाचं काय करून बघितलं ते सांगतो.

मास्तर, आधी जुन्याच, फ्रीजमधल्या गुलाबी नमुन्यांत एसडीएस घातलं. ३१ टक्के घट होती ती २१ वर आली, त्याच्या वर काही उजळेना. म्हणजे ३१ मधले २१ टक्के ऊर्जा सरकल्याचे नव्हतेच. आकडा कागदावर लिहिला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. मग पाण्याची कंडक्टिव्हिटी बघितली. डिआयोनायझरचा हिरवा दिवा चालू होता, पण पाणी नळाच्या पाण्याच्या जवळ गेलेलं. रेझिन कधी बदललं ते रजिस्टरमध्ये कुठंच नाही. नवं येईपर्यंत दुसऱ्या विभागातून दहा लिटर पाणी मागून आणलं.

नवीन घोस्ट पहाटे साडेपाचला सुरू केले. त्या वेळी लाईट जात नाही आणि खोली थंड असते. माझंच रक्त, मंजुरी घेऊन कॉलेजच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी काढलेलं. ईडीटीए घातलं, कडक ठिपका दर धुण्याला ओढून टाकला. चौथ्या धुण्याला दोन्ही नळ्यांतले घोस्ट सारखेच पांढरे झाले. अँटिबॉडी आणि इओसिन त्यानंतरच लावले, म्हणजे रंगाचा घोळ नको. या वेळी घट १२ टक्के आली आणि एसडीएसनंतर २ उरली. म्हणजे खरी घट दहा.

दहा हा आकडा बघितल्यावर लगेच हैदराबादच्या दादांचा हिशेब आठवला. तेवढी तर नुसत्या गर्दीनंही येते. म्हणून आता इओसिन निम्मं आणि पाव करून मोजायलोय. निम्म्याचा एक दिवस झाला, पण एका दिवसावर मी आता काही बोलणार नाही. तीन वेगवेगळ्या दिवसांचं आल्याशिवाय गाईडनाही दाखवायचं नाही असं ठरवलंय. त्यांना ३१ चं खरं काय ते सांगितलं. त्यांनी वही मागून घेतली, दोन्ही पानं वाचली आणि त्या पानावर तारीख घालून सही केली.

ताई, तुमचं बहिणीला वाचून दाखवलं. अ‍ॅक्सेप्टरच कमी असणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, प्रस्तावातला तो भाग पुन्हा लिहायला घेतलाय. लेकराला गेल्या सहा महिन्यांत रक्त दिलेलं नाही. दाजींचे डोळेही अधूनमधून पिवळे होतात, त्यांना वाटायचं उन्हानं होतंय. सोमवारी तिघांचेही नमुने तपासणीला जायचेत. थर्मासची पेटी आणली आहे. नळ्या आणि बर्फ यांच्यामध्ये घालायला बहिणीनं जुन्या गोधडीचा तुकडा शिवून दिलाय.